शाळेतील ग्रंथालय : कुलूप आणि किल्ली



प्राथमिक शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे पुष्कळदा एक लोखंडी कपाट असते. दारावर देणगीदाराचे नाव, आत पुस्तके आणि बाहेर कुलूप. पुस्तक हरवले तर डेडस्टॉक रजिस्टरात उत्तर द्यावे लागेल, किंमत भरावी लागेल, या धास्तीने शिक्षक ते उघडीत नाहीत. दोष एकट्या शिक्षकांचा नव्हे. हिशेबाची रीतच अशी की, फाटलेले पुस्तक तोटा ठरते आणि कधीच न उघडलेले पुस्तक शिल्लक म्हणून मिरवते. कापडाच्या धंद्यात मात्र घडी मोडून दाखविल्याशिवाय ठाण विकले जात नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पहिलेच सूत्र ग्रंथांच्या उपयोगाविषयी आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळ्यांनी बांधून ठेवीत, याचे स्मरणही त्यांनी तेथे करून दिले आहे. आपले कुलूप हे त्या साखळीचेच धाकटे भावंड! त्याही आधी, १९१० साली, महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. तेव्हा खेड्यात पोहोचलेले पुस्तक आज कार्यालयातून शेजारच्या वर्गात पोहोचू नये, याचा खेद वाटतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. त्यात गोष्टीची पुस्तके, मासिके आणि वृत्तपत्रेही हवीत.

पहिली-दुसरीच्या मुलांना रोज दहा मिनिटे गोष्ट वाचून दाखवावी. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या बालकाच्या कानी पुस्तकातील भाषा अशीच प्रथम पडते. मुखपृष्ठ दाखवून आत काय असेल ते विचारावे. मध्येच थांबून पुढची गोष्ट मुलांकडून वदवून घ्यावी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्र पाहून पुस्तक निवडू द्यावे. त्याने ते उलटे धरले तरी हिसकावू नये. तिसरीपासून देवघेवीची वही मुलांनीच ठेवावी. नाव, तारीख, क्रमांक लिहिता लिहिता लेखन आणि हिशेब दोन्ही सुधारतात. शनिवारी फाटकी पाने खळीने चिकटविण्याचे काम त्यांनाच द्यावे. ज्या हातांनी पान चिकटविले, ते हात सहसा पान फाडीत नाहीत. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : प्रत्येक पुस्तकावर प्रश्नोत्तरे लिहून घेऊ नयेत. गोष्टीमागे परीक्षा उभी दिसली की मूल पुस्तक खाली ठेवते.

समाजातील दानशूर व्यक्ती शाळांना उदार मनाने कपाटे देतात. त्याबरोबरच दरवर्षी शेकडा दहा पुस्तके फाटतील वा हरवतील असे गृहीत धरून त्यांच्या बदलीची तरतूद करावी आणि तसे शाळेला लेखी कळवावे. म्हणजे शिक्षकाच्या मनातील वसुलीची धास्ती जाईल आणि कपाटाची किल्ली वर्गातल्या खिळ्यावर टांगता येईल.