चिखल तुडवणारे पाय



ह्या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन मोर्चे आणि वाटाघाटी ह्यांतून जो वेळ उरला त्यात झाले. आमचा विषय चिखल आहे असे कळल्यावर काही मित्र हसले. परंतु ज्यावर माणसे हसतात, त्यातच पुष्कळदा कोणाचा तरी घाम मुरलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळीने पोसावे, पांढरीने निवारा द्यावा. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरीत पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळलेली असते. ती त्या मानाने कमी हलते. प्रवरेच्या काठी दायमाबादला उत्खनन झाले, तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भिंती निघाल्या. आपला भुईकोट किल्लासुद्धा पहिल्याने मातीचाच होता असे सांगतात. दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळात उभा राहिला.

आता आमची फजिती सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यात आम्ही स्वतःसाठी एक खोली बांधू लागलो. माती जवळची म्हणून शेताच्या बांधावरची घेतली, पाणी सढळ हाताने ओतले आणि दिवसभरात भिंत खांद्याइतकी चढवली. तिसऱ्या दिवशी तिचे पोट सुटले, आठवड्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. शेजारच्या मावशी पाहायला आल्या. म्हणाल्या, “भाऊ, हा चिखल आहे, मोर्चा नव्हे. ह्याला घोषणा देऊन उभं करता येत नाही.” पुढचे शिक्षण आम्ही त्यांच्याच हाताखाली घेतले.

त्यांनी प्रथम माती पाहायला शिकवले. ओलसर मातीचा मुठीएवढा गोळा करून खांद्याच्या उंचीवरून सोडायचा. पार भुगा झाला तर चिकणपणा कमी. पोळीसारखा चपटला तर पाणी किंवा चिकणमाती जास्त. थोडा फुटून आकार राहिला तर काम होईल. दुसरी परीक्षा बाटलीची, ती आम्ही पुस्तकातून उचलली. माती पाण्यात घुसळून ठेवावी. वाळू लगेच तळाला बसते, चिकण सर्वांत शेवटी. चिकण चौथा-पाचवा हिस्सा असावी, बाकी वाळू आणि बारीक मुरूम. चिकण वस्तू धरते, वाळू तिला आक्रसू देत नाही.

मग माती भिजवून किमान रात्रभर मुरू द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यात गव्हाचे काड टाकून पायांनी तुडवायची, उलथायची, पुन्हा तुडवायची. कणकेसारखी एकजीव झाली आणि गोळा उचलताना काडाने धरून राहिला, म्हणजे चिखल तयार. दगडी जोत्यावर दीड हात रुंदीचा थर घालायचा, तोही हातभर उंचीचाच. तो आवळेपर्यंत दुसरा थर नाही. वर वळचण भरपूर बाहेर हवी. मातीची भिंत भार सोसते, वाहते पाणी सोसत नाही.

कोणी म्हणेल, “किल्लारी विसरलात काय?” नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. भिंतींचे दगड एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते. म्हणून छप्पर हलके हवे, कोपरे बांधलेले हवेत, सर्व भिंतींना कवळणारा पट्टा हवा. मातीच्या घरांसाठी भारतीय मानक क्रमांक १३८२७ त्याच वर्षीचे आहे. मातीची भक्ती करावी असे आमचे म्हणणे नाही. ती समजून घ्यावी एवढेच आहे.

आता खरे दुखणे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. नोंदणीसाठी वर्षातून नव्वद दिवस काम केल्याची अट होती. आम्ही मावशींना घेऊन एका कचेरीत गेलो. ठेकेदार कोण? नाही. हजेरीपत्रक? नाही. धंदा काय? चिखल तुडवणे, भिंत घालणे. कारकुनाने लिहिले, ‘अकुशल’. ज्या बाईने पायाच्या तळव्याने मातीतले पाणी जोखले, ती अकुशल; आणि खांद्याइतकी भिंत पाडून बसलेले आम्ही शहाणे! तिचे घरही सरकारी यादीत ‘कच्चे’च ठरले.

आज शहरातील हौशी मंडळी मातीची घरे बांधू लागली आहेत. आनंद आहे. परंतु गरिबाची मातीची भिंत लाजेची आणि श्रीमंताची कौतुकाची, हा न्याय आम्हास मान्य नाही. ज्या गरिबास सिमेंटचे घर हवे त्यास ते मिळालेच पाहिजे. दरवर्षीचे सारवण अखेर बायकांच्याच कमरेवर पडते, हे त्याचे कारण आम्ही जाणतो. मालीमधील जेन्ने गावी मातीच्या मोठ्या मशिदीचे लिंपण दरवर्षी सारा गाव मिळून करतो. काम वाटून घेतले की कंबर मोडत नाही, ही गोष्ट आम्हा संघटनावाल्यांना नवी नाही.

तेव्हा आपल्यापैकी जे मातीचे घर बांधतील त्यांच्याकडे एकच मागणे आहे. चिखल तुडवणाऱ्यांना गवंड्याची मजुरी द्या आणि किती दिवस काम केले ते कागदावर लिहून, सही करून द्या. मावशी आता थकल्या आहेत. त्यांनी घातलेली आमची भिंत मात्र वीस पावसाळे पाहून उभी आहे. तिच्याकडे पाहून त्यांना अकुशल म्हणणारा माणूस आम्हाला अद्याप भेटलेला नाही.