टप मिटणारी मोटार

सरकारी नोकरीतील चाळिशी ओलांडलेल्या माणसाने जुनी मोटार विकत घेऊन ती दुरुस्त करीत बसावे, हे व्यवहाराला धरून नाही, हे मला मान्य आहे. तरीही तंजावूरला असताना हा उद्योग मी आरंभिला.

तंजावूरचा राजवाडा मूळचा नायक राजांचा. सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य आले. त्या काळापासून स्थायिक झालेली काही मराठी घराणी आजही गावात आहेत. राजवाड्याजवळच्या अशाच एका घराच्या पडवीत ती उभी होती : मॉरिस मायनर, कापडी टप मागे मिटता येणारी. मालक ऐंशीच्या घरातले. तमिळचा हेल असलेल्या मराठीत ते म्हणाले, "वडिलांची मोटार आहे. एकदा हिच्यात बसून मोठ्या देवळापर्यंत जावे, एवढेच मनात आहे." दुसरे एक गिऱ्हाईक अधिक किंमत देत होते; पण त्याला नवे एंजिन बसवून ती वरातींसाठी भाड्याने द्यायची होती. काकांनी कमी पैशात ती मला दिली.

मी मात्र रंगाला भुललो होतो. पैसे चुकते झाल्यावर मेस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांखालच्या पट्टीवरून फिरविले. ते कोठेच चिकटेना. रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती. मोटार जॅकवर चढविली, तर दार चौकटीत अडकून बसले.

बंद मोटारीचा टप केवळ ऊनपाऊस अडवीत नाही, भारही पेलतो. मायनरला निराळा सांगाडा नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. टप गेला की तो भार तळावर आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. म्हणून कारखान्याने उघड्या मोटारीचा तळ अधिक मजबूत केलेला असे. कावेरीकाठच्या दमट हवेत गंज नेमका त्याच पोकळीत शिरतो. यास्तव अशी मोटार घेणाराने आधी वाकून तळ पाहावा, मग रंग.

उपायही सबुरीचा आहे. मोटार सपाट जमिनीवर टेकवून दाराच्या चौकटीत लोखंडी आडणी जोडावी लागते. मगच कुजलेला पत्रा कापायचा, तोही एका वेळी एकाच बाजूचा. घाई केली तर मोटार मधोमध वाकते.

सन 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. मात्र एंजिनात वा अंगात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी मोटार भाड्याने फिरविता येत नाही. मला हा दंडक पटतो. तेथून जवळच, सरस्वती महाल ग्रंथालयात, जुनी ताडपत्रे जतन केलेली आहेत. ताडपत्र जपणारा ते टिकवितो; तुटलेल्या कडेवर स्वतःची अक्षरे कोरीत नाही. म्हणून मीही फाटकी आसने शिवून घेतली, बदलली नाहीत.

पोंगलपर्यंत मोटार रस्त्यावर आणीन, असे मी काकांना सांगितले होते. पोंगल आला तेव्हा एकच बाजू पुरी झाली होती. ऐंशीच्या घरातल्या माणसाकडे आणखी सहा महिने मागायला मी संकोचत गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आडणी काढल्यावर दार नीट लागते ना?"

"एका बाजूचे लागते," मी म्हणालो.

"मग मी त्या बाजूने बसेन," ते म्हणाले. "दुसरी सावकाश करा."