साहाय्याची बोली : स्पॅनिश भाषेंतील कांहीं वाक्प्रचार

परभाषा शिकणाऱ्यास नामें लौकर येतात, क्रियापदेंहि पाठ होतात. दुसऱ्याचें साहाय्य मागण्याची रीत मात्र सर्वांत उशिरां येते. भाकरी, पाणी, रस्ता हे शब्द घोकून एखादा मराठी विद्यार्थी माद्रिदच्या स्थानकावर उतरतो. हातांतील जड पेटी जिन्यावरून वर जाईनाशी झाली, कीं त्याची वाचाच बसते. 'आयुदार' म्हणजे साहाय्य करणें, एवढें त्यानें कोशांत वाचलेलें असतें, आणि तें शुद्धच आहे. परंतु शेजारून जाणारा समवयस्क तरुण थांबून विचारतो तें निराळेंच : 'ते एचो उना मानो?' शब्दाला शब्द ठेवल्यास याचा अर्थ, 'तुला एक हात टाकूं?' मराठींत कोणावर हात टाकणें ही फौजदारी बाब आहे. स्पेनमध्यें ती साधी माणुसकी आहे.

'एचार' म्हणजे टाकणें, फेंकणें. अर्जेंटिनांत याच प्रसंगीं हात टाकीत नाहींत, देतात. तेथें 'दार उना मानो' म्हणतात, आणि मराठी माणसास तें तात्काळ कळतें. तरी सावध राहावेंच. 'पेदिर ला मानो', म्हणजे हात मागणें, याचा अर्थ मुलीला मागणी घालणें असा आहे. पेटी उचलण्यापुरता हात मागणाऱ्यानें हा प्रयोग केल्यास गोष्ट भलतीकडेच जावयाची.

वाक्प्रचार कोणत्या प्रसंगांतून जन्मला तें पाहिलें, म्हणजे तो विसरत नाहीं. 'एचार उन काब्ले' यांतील काब्ले म्हणजे विजेची तार नव्हे. तो जहाजावरील जाड दोरखंड आहे. अडचणींत सांपडलेल्याकडे तो फेंकावयाचा. 'एस्तार आल कीते' हा प्रयोग बैलझुंजीच्या रिंगणांतला. एका खेळाडूवर बैल चालून आला, कीं दुसरा आपलें वस्त्र हालवून त्या जनावरास स्वतःकडे ओढून घेतो. या कृतीस 'कीते' म्हणतात. आणि कोणाच्याहि मदतीस धांवून जाण्याच्या तयारींत असणें म्हणजे 'कीते'वर असणें. 'एचार उन कापोते', म्हणजे तें वस्त्र टाकणें, हें तर बैठकींतहि चालतें : बोलतां बोलतां वाद पेटूं लागला व तिसऱ्यानें हळूच विषय बदलला, कीं त्यानें वस्त्र टाकलें. अनोळखी माणसासाठीं जीव धोक्यांत घालण्याचें चित्र इतक्या हलक्या प्रसंगीं वापरणारी ही भाषा मोठी रसिक म्हटली पाहिजे. 'आर्रिमार एल ओम्ब्रो', म्हणजे खांदा जवळ आणणें, हा सर्वांनीं मिळून कष्ट करण्याचा वाक्प्रचार. त्याचें भाषांतर 'खांदा देणें' असें मात्र कोणीं करूं नये. त्या खांद्याची वेळ आपल्याकडे निराळी असते.

मागणाऱ्यानें कसें मागावें? स्पेनमध्यें वर्तमानकाळांतील साधा प्रश्न पुरतो. मित्रास 'मे एचास उना मानो?' आणि वडीलधाऱ्यास 'मे एचा उना मानो, पोर फावोर?' एका 'स'चा काय तो भेद. पण तूं आणि आपण यांमधील सगळें अंतर त्यांत आहे. आदरार्थी 'उस्तेद' हें सर्वनाम 'वुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या संबोधनापासून आलें. त्याचा अर्थ 'आपली कृपा'. सेर्वांतेसच्या 1605 सालच्या 'दोन किखोते'मध्यें सांचो आपल्या धन्यास याच संबोधनानें बोलतो. म्हणूनच उस्तेदबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतें. 'महाराजांनीं बसावें' म्हणणाऱ्या मराठी माणसास हें नवल वाटूं नये.

प्रांतोप्रांतीं चाल बदलते. कोलंबियांत 'मे रेगाला उन तिंतो?' म्हणजे 'मला एक काळी कॉफी भेट देतां?' असें विचारतात, आणि पैसे मुकाट्यानें चुकते करतात. अर्जेंटिनांत उपकाराला 'गाउचादा' म्हणतात. गाउचो म्हणजे तेथील गवताळ मैदानांतला घोडेस्वार गुराखी, आणि त्याला शोभेसें कृत्य ती गाउचादा. आभार मानल्यावर उत्तर येतें 'दे नादा', कांहींच नाहीं. किंवा 'ओई पोर ती, मान्याना पोर मी', आज तुझ्यासाठीं, उद्यां माझ्यासाठीं. बुडणाऱ्यानें मात्र यांतील कांहींएक न आठवतां 'सोकोर्रो!' अशी आरोळी ठोकावी. तेथें आर्जवाचें काम नाहीं.

शब्दांपलीकडे जाऊन साहाय्याची चालच पाहावयाची असेल, तर चिलीच्या दक्षिणेकडील चिलोए बेटावर जावें. केचुआ भाषेंतून स्पॅनिशमध्यें आलेला 'मिंगा' हा शब्द तेथें घरोघरीं आहे. एखाद्यास आपलें लाकडी घर दुसऱ्या जागीं न्यावयाचें असलें, म्हणजे तो शेजाऱ्यांपाशीं मिंगा मागतो. शेजारी बैलजोड्या घेऊन येतात, घराखालीं ओंडके घालतात, दोर बांधतात आणि अख्खें घर ओढीत नेतात. मजुरी कोणी घेत नाहीं. घरधनी सर्वांस पोटभर जेवूं घालतो. इर्जिक घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास त्या पंगतींत बसविलें, तर भाषा न येतांहि आपण कशासाठीं जेवत आहों हें त्याला कोणीं सांगावें लागणार नाहीं.