लिंबाची फोड

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली कमला भागवत दाखल झाल्या. स्त्री म्हणून प्रथम नाकारलेला प्रवेश त्यांनी निग्रहाने मिळवला होता. पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने त्या विख्यात झाल्या. बंगळूरात त्यांनी अभ्यास केला तो दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा, म्हणजे सामान्य माणसाच्या ताटाचा. नंतर मुंबईत नीरेचे संशोधन करताना तिच्यात लोह आणि ‘क’ जीवनसत्त्व ही दोन्ही असल्याचे त्यांनी दाखवले.

या दोहोंची जोडी मोलाची आहे. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीने खंगलेल्या बारा खलाशांवर सहा निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे ज्या दोघांना दिली, त्यांना सर्वांत लवकर गुण आला. तेव्हापासून या फळांची ख्याती वाढली. परंतु हिरड्या राखणे एवढेच ‘क’ जीवनसत्त्वाचे कार्य नव्हे. पालेभाज्या व डाळी यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल, तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. जेथे असंख्य स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत, तेथे ही गोष्ट लहान नाही.

हे जीवनसत्त्व मात्र मोठे नाजूक. ते पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नाश पावते. बंगळूरच्या घरांतून चित्रान्नावर लिंबू पिळतात ते फोडणी विस्तवावरून उतरल्यावर. भिजवलेल्या मूगडाळीच्या कोसंबरीतही रस कच्चाच पडतो. आपल्या पोह्यांवर आणि वरणभातावर लिंबाची फोड अशीच शेवटी येते. चवीसाठी पडलेली ही रीत शास्त्रालाही पटणारी आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व हवे. संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरात ते सुमारे ५० मिलिग्रॅम असते. पेरूत त्याहून कितीतरी जास्त, आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. तेव्हा संत्री-मोसंबी परवडत नाहीत म्हणून कोणी निराश होण्याचे कारण नाही.

लिंबू डाळ शिजताना न पिळता, ताट वाढल्यावर पिळावे. आणि ती फोड, सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीच्या ताटापर्यंत पोहोचली की नाही, हेही पाहावे. लोहाची गरज तिलाच अधिक आहे.