प्रोग्रॅमिंग : आधी वाचन, मग लेखन

(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



साहित्याचा अभ्यासक थोरांचे ग्रंथ वाचतो. गायक गुरूची गायकी वर्षानुवर्षे ऐकतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला मात्र आपण पहिल्या दिवसापासून केवळ लिहावयास बसवतो. जाणकारांचे प्रोग्रॅम वाचण्याची सवय त्याला क्वचितच लावली जाते.

या संदर्भात एक उदाहरण उद्बोधक आहे. सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात ‘युनिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा विद्यार्थ्यांच्या हाती दिला. बेल लॅबोरेटरीजमधील तज्ज्ञांनी लिहिलेला हा सोर्स कोड दहा हजार ओळींहूनही कमी होता; म्हणजे एका व्यक्तीला संपूर्ण समजून घेता येण्याजोगा. एका खंडात सोर्स कोड आणि दुसऱ्या खंडात त्यावरील भाष्य, अशी त्यांची मांडणी होती.

पुढे १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टी कंपनीने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य मग छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले; त्याचे रीतसर प्रकाशन १९९६ मध्ये झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे. ज्ञान एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. तरीही परवान्याची भिंत उभी राहिली की ते दुर्मीळ होते आणि त्याची किंमत शिकणाऱ्यांची पिढी मोजते. या मनाईमुळेच अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी ‘मिनिक्स’ ही नवी प्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाचा अभ्यास केलेल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ची सुरुवात केली. आज लिनक्सचा सोर्स कोड कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

आपल्या देशासाठी याचे महत्त्व अधिक आहे. महागडी पुस्तके आणि नामांकित संस्था सर्वांच्या आवाक्यात नसतात. खुला सोर्स कोड मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यालाही उपलब्ध असतो. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले; शासकीय सॉफ्टवेअरचे सोर्स कोड खुले करण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. अशा धोरणांकडे केवळ खर्चबचत म्हणून न पाहता मनुष्यबळ विकासातील गुंतवणूक म्हणून पाहावयास हवे.

वाचन मात्र डोळसपणे व्हावे. प्रथम लहान, पण पूर्ण प्रोग्रॅम निवडावा. पुढील भाग वाचण्यापूर्वी आपण तो कसा लिहिला असता, हे कागदावर मांडावे आणि मग तज्ज्ञाच्या रचनेशी ताडून पाहावे. एखादी ओळ बदलून परिणाम तपासावा. शेवटी तो भाग सहाध्यायाला समजावून सांगावा. जे समजावता येत नाही, ते पुन्हा वाचावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात प्रोग्रॅम लिहून देतात. त्यामुळे वाचनाची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. समोर आलेला प्रोग्रॅम अचूक आहे की सदोष, याचा निर्णय अखेर माणसालाच करावा लागतो आणि तो विवेक उत्तम कृतींच्या सहवासातच घडतो. लेखनाचा सराव अवश्य करा. पण त्याच्या जोडीला रोज थोडे वाचनही असू द्या.