वेळेचे अंदाजपत्रक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय. म्हणून चिटणीसबाईंनी मला अभ्यासाच्या वेळेचाही हिशेब मांडायला सांगितले. आपल्यापैकी काहींच्या मुली, सुना सी. ए.च्या इंटरमीजिएट परीक्षेची तयारी करीत आहेत. मी बोलणार आहे ते त्यांच्याइतकेच त्यांच्या घरच्या मंडळींसाठीही आहे.

१९३३ साली मद्रासच्या आर. शिवभोगम या भारतातील पहिल्या महिला हिशेब-तपासनीस झाल्या. वाट त्यांनी पाडून ठेवली आहे; आपल्या मुलींपुढे आता प्रश्न उरतो तो वेळेचा.

या परीक्षेचे दोन गट. प्रत्येक गटात तीन विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात निदान ४० आणि गटात मिळून १५० गुण लागतात. म्हणजे तिन्ही विषयांत चाळीस-चाळीस मिळवणारी नापास. आणि ७५, ७० मिळवून तिसऱ्यात ३८ वर अडलेलीही नापासच! साठ किंवा अधिक गुणांच्या विषयात पुढच्या तीन खेपा सूट मिळू शकते हे खरे, पण गट काही सुटत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. आवडता विषय कुरवाळत बसण्याइतकी चैन येथे परवडत नाही. आपण पगार हाती आला की आधी भाडे आणि वाणसामान बाजूला काढतो, साडीचा विचार मागाहून करतो. तासांचेही तसेच करावे.

समजा, पहिल्या गटासाठी १०० दिवस आहेत आणि रोज चार तास मिळतात. झाले ४०० तास. त्यातले १०० तास शेवटच्या उजळणीसाठी आधीच गाठीला बांधावेत. उरलेल्या ३०० पैकी अकाउंट्स, कायदा आणि कर या तिघांना प्रत्येकी ७० द्यावेत. राहिले ९०. ते सगळ्यांना सारखे वाटू नयेत; जो विषय कच्चा, त्याच्या पदरात साठ घालावेत. बाकीचे तीस आजारपण, पाहुणे, सणवार यांसाठी शिल्लक ठेवावेत.

सकाळी डोके ताजे असताना गणिते सोडवावीत, कायद्याचे वाचन संध्याकाळी करावे. मात्र कायदाही लिहून पाहावा. नुसत्या वाचनाने तीन तासांत उत्तरे उतरत नाहीत. कराचे पुस्तक तर जुने मुळीच वापरू नये, कारण कायदा दरवर्षी बदलतो.

आता घरच्यांना विनंती. हे चार तास कागदावर मांडणे सोपे. ते मिळवून देणे तुमच्या हाती आहे. पुस्तक उघडून बसलेल्या सुनेला दर दहा मिनिटांनी दार उघडायला उठवले, तर माझे सारे अंदाजपत्रक कोलमडेल. मुलगा अभ्यासाला बसला म्हणजे आपण घरात हळू बोलतो; तेवढीच शांतता तिलाही द्या. आणि शेजारणींनो, तेवढ्या वेळात तिचे मूल आपल्याकडे खेळायला न्या. मंडळाने एवढे केले, तरी पुष्कळ झाले.