ज्योतीची कड

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता पडद्यावर आपल्या शाळेचं बोधचिन्ह आलं, समई जवळ येत गेली आणि शेवटी नुसती ज्योत पडदाभर उरली. ती फिल्म मी केली. संयोजक म्हणाले, त्यावरच पाच मिनिटं बोल. माझ्या धंद्यातलं बोलणं म्हणजे बटणांची नावं. ती ऐकून तुम्ही जेवणाची रांग धराल. तरी दोन बटणं सांगतोच. त्यांच्यापायी एका माणसाचं माझ्यावर जुनं देणं आहे.

आलेखाची वही आठवा. तिच्यात चौकटी रंगवून वर्तुळ केलं तर लांबून गोल दिसतं, जवळून पायऱ्या. संगणकातला फोटो असा असतो. चौकटीला पिक्सेल म्हणायचं. दुसरी पद्धत कंपासपेटीची. केंद्र आणि त्रिज्या ठाऊक असली की तेच वर्तुळ वहीत काढा, नाहीतर मैदानावर दोरी धरून फक्कीने काढा, गोलच येणार. याला व्हेक्टर चित्र म्हणतात. बोधचिन्हं आम्ही इलस्ट्रेटरमध्ये अशी काढतो आणि हलवण्यासाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये नेतो.

गोची तिथे होते. तुम्ही काही सांगितलं नाही तर आफ्टर इफेक्ट्स ते चित्र मूळ मापाला चौकटींत उतरवतं आणि मोठं करताना त्या चौकटीच ताणतं. लेअरच्या ओळीत सूर्यासारखं एक बारीक चिन्ह असतं, कन्टिन्युअसली रास्टराइझ. ते लावलं की प्रत्येक फ्रेमला, त्या क्षणी जे माप असेल त्या मापाने, चित्र नव्याने उमटतं. शेजारी दर्जाचं बटण. ड्राफ्टवर तिरक्या रेषा करवतीसारख्या दिसतात, बेस्टवर सरळ होतात.

२००४ मध्ये मी मुंबईत एका छोट्या स्टुडिओत होतो. एका मालिकेचं शीर्षक करायचं होतं. अक्षरं काढली होती माझ्या बरोबरीच्या एका मुलाने, फार सुंदर. मी ती आठपट मोठी करत कॅमेऱ्यावर आणली आणि कडांना दात आले. मालकांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, चित्रातच दोष आहे. त्या मुलाने दोन रात्री जागून सगळी अक्षरं पुन्हा काढली. मी नवी फाईल जुन्या लेअरवर बदलून टाकली. दात तसेच. बदललेल्या फाईलला जुन्या लेअरचीच बटणं लागतात, हे तेव्हा मला कुठे माहीत! मालकांनी त्याला सर्वांसमोर नको ते ऐकवलं. महिन्याभरात तो सोडून गेला.

पुढे एका वयस्कर एडिटरनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, सूर्य कुठाय तुझा? आणि ड्राफ्टवर का ठेवलंयस?" दोन क्लिक. मी मालकांकडे जाऊन काही बोललो नाही. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय.

तेव्हापासून कडा खराब दिसली की चित्रकाराला फोन करण्याआधी मी माझ्याकडे बघतो. पडदा शंभर टक्क्यांवर आहे का, प्रीव्ह्यू फुल आहे का; अर्ध्यावर असेल तर दात खोटेच असतात. मग ती दोन बटणं. एका कॉम्पमध्ये दुसरं कॉम्प ठेवलं असेल तर बाहेरच्या लेअरवरही सूर्य लावावा लागतो, हे भलेभले विसरतात. आणि सूर्य आधी लावावा, सावली मागाहून द्यावी. कारण सूर्य लावला की इफेक्ट आकार वाढल्यानंतर लागतो. चित्र दहापट झालं तरी सावली पाच पिक्सेलचीच राहते.

आपल्या बोधचिन्हाच्या वेळी मात्र हे सगळं करूनही ज्योत फाटली. समितीने पाठवलेली फाईल इलस्ट्रेटरची होती खरी, पण उघडून पाहतो तर आत शाळेच्या पत्राच्या माथ्याचा स्कॅन चिकटवलेला. आलेखाची वही कंपासपेटीत ठेवल्याने तिचं वर्तुळ होत नाही. तिथे सूर्य काय करणार?

मग ग्रंथपाल मॅडमनी जुन्या कपाटातून सरांचं मूळ शाईचं चित्र शोधून दिलं. सर, आपण समोरच बसला आहात म्हणून सांगतो, समईच्या तळाशी आपल्या कर्कटकाचं भोक अजून आहे. मी तिथूनच सुरुवात केली. आपण इंटरमिजिएटच्या वेळी वहीवर खडूने लिहायचात, 'रेषा एका दमात'. पेन टूललाही तेच लागू. ज्योतीला पहिल्या खेपेस मी एकतीस बिंदू टाकले, कड थरथरायला लागली. पुसत पुसत सहावर आलो.

ती सहा बिंदूंची ज्योत मी गेल्या आठवड्यात त्या जुन्या मित्राला पाठवली, सोबत २००४ चं सगळं खरं लिहून. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग आलं, "डावीकडचा वरचा बिंदू अजून एक काढ." काढला. आत्ता तुम्ही पाहिलीत ती पाच बिंदूंची.

फाईल ऑफिसात पेनड्राइव्हवर दिली आहे, पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही. बॅनरवाल्याला तीच द्या. मोबाईलवर फोटो काढून पाठवू नका.